1961 सालचे घर: दुरुस्ती करताना काय जपावे आणि काय बदलावे?

अंगणाकडे:

सर्वांना नमस्कार. आमचे घर 1961 साली एका वास्तुरचनाकाराने आमच्या आजोबांसाठी आखले आणि त्यानंतर त्यात रंगापलीकडे फारसे काही झालेले नाही. घर एकमजली आणि काटकोनात वळलेले आहे. त्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगणाकडे उघडतात. वर सपाट स्लॅब असून तो भिंतीच्या पुढे पाऊण मीटर पातळ कडेने बाहेर आलेला आहे. अंगणाच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी चौकटींत बसवलेल्या काचा आहेत, खोल्यांतून थेट अंगणात सलग जाणारी मोझेकची जमीन आहे, आणि उघड्या काँक्रीटच्या तुळयांवर शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा अजूनही हाताला लागतात. भिंतींतच बसवलेली सागवानी कपाटेही मूळचीच आहेत.

आता स्लॅब दोन ठिकाणी गळतो, एका तुळईचा खालचा पापुद्रा सुटून सळई दिसू लागली आहे, खिडक्या गंजामुळे नीट मिटत नाहीत आणि वायरिंगला अर्थिंग नाही. आई आमच्याबरोबर राहते व तिचे वय झाले आहे. मी आणि पत्नी दोघेही घरून काम करतो, त्यामुळे मोठ्या खोलीच्या दोन खोल्या कराव्या लागणार आहेत. तीन कंत्राटदार येऊन गेले आणि तिघांचे म्हणणे साधारण एकच होते: स्लॅबवर उतरते पत्र्याचे छप्पर टाका, काँक्रीटला गिलावा करा, खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवा आणि मोझेकवर नव्या टाइल्स चिकटवा. धाकट्या भावाला हे पटते. मला पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला नीट सांगताही येत नाही. सुरुवात कोठून करावी, आणि या घरात नेमके काय हलवू नये हे कसे ठरवावे, याविषयी मार्गदर्शन हवे आहे.

काटकोन:

तुम्हाला जे सांगता येत नाही, ते बहुधा मोजता येईल. त्या काळातील अशी घरे सहसा एका मापाच्या पटीत आखलेली असतात. कोणी तीन फूट धरले असेल, कोणी चार, कोणी 90 सेंटिमीटर किंवा 1.2 मीटर. खांबांची अंतरे, खिडक्यांची उभी पट्टी, कपाटांची दारे आणि मोझेकमधील पितळी पट्ट्या या सगळ्या गोष्टी त्या मापावर येऊन थांबतात. माणसाला ते माप दिसत नाही, पण खोली शांत वाटते, आणि वर सांगितलेले चारही बदल केल्यावर ती शांत वाटेनाशी होते. म्हणून कंत्राटदाराला पुन्हा बोलावण्यापूर्वी दोन रविवार काढा आणि टेप घेऊन संपूर्ण घर मोजा. मूळ नकाशे जुन्या कागदपत्रांत, वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात किंवा बांधकामाची परवानगी देणाऱ्या कचेरीच्या दप्तरात सापडतात का तेही पाहा. नकाशा आणि प्रत्यक्ष घर जेथे जुळत नाही, तेथे बांधतानाच काहीतरी बदलले गेले होते. ती ठिकाणे ध्यानात ठेवा, कारण गळती आणि तडे पुष्कळदा तेथेच निघतात.

वारसा वास्तूंच्या जतनासाठी ऑस्ट्रेलियात 1979 साली स्वीकारलेल्या बुरा सनदेत एक सूत्र आहे: आवश्यक तेवढा बदल करावा, पण शक्य तितका कमी करावा. ते स्मारकांसाठी जितके खरे आहे तितकेच राहत्या घरासाठीही आहे, फक्त राहत्या घरात ‘आवश्यक’ या शब्दाचा पैस मोठा असतो. आईला न्हाणीघरात आधाराचे दांडे लागतील, उंबऱ्याचा चढ काढावा लागेल. हे सर्व निःसंकोच करावे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या मात्र आवश्यक नाहीत. कंत्राटदाराला ते काम सोपे पडते, इतकेच.

दोन खोल्या करताना नवी भिंत मापाच्या रेषेवरच घ्या आणि ती छतापर्यंत नेऊ नका. तुळईच्या खालच्या पातळीवर ती थांबवा आणि वरच्या भागात काच घाला, म्हणजे तुळया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावताना दिसत राहतील आणि आवाजही बराच अडेल. ती भिंत लाकडी सांगाड्यावर स्क्रूने बसवलेली असावी, म्हणजे पुढे कोणाला काढावीशी वाटली तर मोझेकला धक्का न लावता काढता येईल.

सळई:

मी काँक्रीटच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे त्या तुळईविषयी आणि स्लॅबविषयीच लिहितो.

हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत जातो आणि त्याचा अल्कधर्म कमी करतो. ताज्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 असतो. तो 9 च्या आसपास उतरला की सळईवरचे संरक्षक कवच नाहीसे होते आणि ओल मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून ढकलले जाऊन पापुद्रा सुटतो. हा कार्बोनेशनचा थर किती खोल गेला आहे हे कळण्यासाठी काँक्रीट ताजे फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, बिघडलेला भाग रंगहीन राहतो. थर ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात खोल जातो, म्हणजे पहिल्या 15 वर्षांत तो जितका आत गेला तितकाच आणखी आत जायला पुढची 45 वर्षे लागतात. तेव्हा घाबरून सगळ्या तुळया झाकण्याचे कारण नाही. आधी प्रत्येक तुळईवर हलक्या हातोडीने वाजवत जा आणि जेथे पोकळ आवाज येतो तेथे खडूने खूण करा. बहुतेक घरांत या खुणा थोड्या जागी दाटीने येतात: पन्हाळीजवळ, गळतीच्या खाली, आणि ओतकामाच्या वेळी सळई शटरिंगला टेकली होती तेथे.

दुरुस्तीत वाईट काँक्रीट सळईच्या मागेही साधारण 20 ते 25 मिलिमीटर जाईपर्यंत काढावे लागते. नुसते पुढून खरवडून सिमेंट लिंपले तर दोन-तीन वर्षांत ते पुन्हा सुटते. कडा चौरस कापाव्यात, निमुळत्या सोडू नयेत. सळई चकचकीत होईपर्यंत साफ करावी, आणि तिचा व्यास फारच घटला असेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण ठिगळ दिसता कामा नये. मूळ काँक्रीटचा रंग सिमेंटपेक्षाही वाळूवर आणि बारीक खडीवर अवलंबून असतो. त्यामुळे बाजूला वीतभर आकाराचे सहा-सात नमुने ओतायला सांगा, ते किमान 28 दिवस वाळू द्या आणि मगच निवडा. ओले असताना जुळणारा नमुना वाळल्यावर हमखास वेगळा दिसतो. फळ्यांच्या रेषा उमटवण्यासाठी जुन्या, रेषा उठावदार असलेल्या फळ्यांचेच शटरिंग करावे लागेल. मिस्त्री कंटाळतील, पण तुम्ही कंटाळू नका. आणि त्यावर चकाकणारा, हवाबंद रंग लावू देऊ नका. आतली ओल बाहेर पडायला वाट राहिली पाहिजे.

स्लॅबच्या बाबतीत, सपाट छप्पर गळते ते सपाट असल्यामुळे नव्हे. त्यावर पाणी साचते आणि त्याच्या कडा व पन्हाळीची तोंडे नीट बंद केलेली नसतात, म्हणून ते गळते. जुना जलरोधक थर काढून 40 ला 1 (म्हणजे 40 सेंटिमीटर लांबीला 1 सेंटिमीटर) असा उतार धरून नवा थर द्या, म्हणजे बांधताना थोडे मागेपुढे झाले तरी प्रत्यक्षात निदान 80 ला 1 इतका उतार उरतो आणि पाणी वाहून जाते. उष्णतारोधक थर आतून छताला लावू नका, कारण तसे केल्यास उघड्या तुळया आणि छत दोन्ही झाकले जातील. तो स्लॅबच्या वरच घ्यावा, त्याच्या खाली बाष्परोधक पडदा असावा. पत्र्याचे छप्पर टाकले तर गळती थांबेलही, पण पातळ कड जाईल, आणि तुमच्या वर्णनावरून त्या घराची ओळख तीच आहे.

लांबी:

खिडक्यांविषयी अनुभवाचे दोन शब्द. आमच्याही घरी लोखंडी चौकटी आहेत आणि त्या आम्ही काढल्या नाहीत. त्या काळच्या लोखंडी पट्ट्या समोरून जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद दिसतात, तर सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत दोन पाल्ले एकमेकांवर येतात तेथे सहज सहा ते दहा सेंटिमीटरची जाड पट्टी उभी राहते. एका काचेमागे हा फरक किरकोळ वाटतो. सलग आठ काचांच्या भिंतीत मात्र तो अंगणाला गज लावल्यासारखा दिसतो.

गंजलेल्या चौकटी वाकड्या झाल्या असे सगळे म्हणतात, प्रत्यक्षात बिजागरी आणि कडांवर साठ वर्षांच्या रंगाचे थर चढलेले असतात. आमच्या एका पाल्ल्याच्या कडेवर मी चाकूने आडवा छेद घेतला, तर खालपासून वरपर्यंत सात थर मोजता आले. सर्वांत खालचा थर राखाडी-हिरवा होता, आणि पुढे आम्ही तोच रंग पुन्हा लावला. हे थर काढताना एक काळजी घ्यावी लागते. त्या काळच्या रंगांत शिसे असे, म्हणून कोरडे घासणे आणि ज्योतीने जाळणे दोन्ही टाळावे, आधी चाचणी करून घ्यावी आणि लहान मुलांना त्या भागात येऊ देऊ नये. हेच ॲस्बेस्टॉसबाबत. जुने सिमेंटचे सपाट पत्रे, पाइपांवरचे वेष्टण, व्हिनाइलच्या टाइल्स आणि त्यांखालचा काळा गोंद यांना छिद्र पाडण्यापूर्वी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.

काच मात्र बदलावी असे मी सुचवीन. एकेरी काचेचे उष्णतावहन दर चौरस मीटरला, दर अंशाला साधारण 5.7 वॅट असते, आणि थंडीत तिच्यावर दव साचून चौकटीचा खालचा भाग गंजतो. प्रसिद्ध वास्तुरचनाकार मीस व्हान डर रोह यांचे अमेरिकेत 1951 साली पूर्ण झालेले काचेचे घर, फार्न्सवर्थ हाऊस, जगभर वाखाणले गेले, पण त्याच्याही एकेरी काचा थंडीत पाण्याने निथळत असत. आता दोन काचांमध्ये निर्वात पोकळी ठेवलेली, एकूण आठ मिलिमीटरच्या आसपास जाडीची काच मिळते. ती जुन्या लोखंडी खाचेत बहुधा बसते. तुमच्या खाचेची खोली आधी मोजून घ्या. जमिनीपासून सुरू होणाऱ्या काचा साध्या असतील तर त्या काहीही झाले तरी बदला. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. आईच्या वाटेवरच्या काचा मधे पडदा असलेल्या, म्हणजे लॅमिनेटेड, घ्याव्यात. आणि खिडक्या घट्ट मिटू लागल्या की घरातली दमट हवा बाहेर जायला स्वयंपाकघरात व न्हाणीघरात पंखा हवा, नाहीतर पूर्वी नसलेली बुरशी कोपऱ्यांत दिसू लागेल.

रंधा:

कपाटांसाठी थोडक्यात. ती भरीव सागवानाची आहेत असे समजू नका. दार उघडून कड पाहा. बहुतेक वेळा आत प्लायवूड किंवा स्वस्त लाकूड आणि वर एक मिलिमीटरहूनही पातळ सागाचा पापुद्रा असतो. आमच्याकडे सुताराने घासण्याचे यंत्र लावले आणि मी चहा ठेवून परत येईपर्यंत एका दाराच्या मध्यावर हाताच्या पंजाएवढा पांढुरका डाग पडला होता. पापुद्रा संपून खालचे लाकूड लागले होते. ते दार आता आतल्या बाजूने वळवून बसवले आहे.

आधी कापसाच्या बोळ्याने आतल्या कोपऱ्यात थोडे स्पिरिट लावून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि लाखेचाच नवा हात त्यावर एकजीव होतो. मूळ हँडल, पितळी बिजागऱ्या, स्क्रूसुद्धा डब्यांत घालून त्यावर दाराचा क्रमांक लिहून ठेवा. मोझेकबाबत एवढेच की त्याला ॲसिड लावू देऊ नका, त्यातील संगमरवराचे तुकडे ॲसिडने खरखरीत होतात. पाण्याखाली टप्प्याटप्प्याने बारीक दगडाने घासले की तो पुन्हा उजळतो.

दुसरी_बाजू:

येथे सर्वजण एका सुरात बोलत आहेत म्हणून थोडे वेगळे मांडतो. अशा घरात मी बारा वर्षे राहिलो आहे. वास्तुरचनाकार मोठा असला तरी त्याच्या सगळ्या कल्पना चांगल्या नसतात. आमच्या घराची सर्वांत मोठी काच पश्चिमेला होती आणि दुपारी तीननंतर त्या खोलीत कोणीही बसत नसे. छायाचित्रांत मात्र तीच खोली असायची. स्वयंपाकघर इतके अरुंद होते की दोघांना एकमेकांच्या मागून जाता येत नसे, कारण आखणाऱ्याने तेथे एकच व्यक्ती काम करील असे गृहीत धरले होते. ते गृहीतक आज जपावे असे मला वाटत नाही. तुमच्या भावाची बाजूही ऐकावी. घर गळत असताना त्याच्या पातळ कडेचे कौतुक ऐकणे कोणालाही जड जाते.

काटकोन:

हे मान्य आहे, आणि स्वयंपाकघराची भिंत भारवाही नसेल तर ती काढण्यास माझी हरकत नाही. मात्र ती जेथे होती तेथे जमिनीवर जी रेघ उरेल ती तशीच दिसू द्यावी. नवे मोझेक ओतून ती लपवण्याचा खटाटोप सहसा फसतो. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याच्या 1949 सालच्या घरातही दिवाणखान्याच्या झिजलेल्या टाइल्स जतनाच्या कामात शेवटी बदलाव्याच लागल्या. जपणाऱ्यांनाही सगळे जपता येत नाही. पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली करता येते. आतल्या पडद्याचा उपयोग कमी, कारण तोवर ऊन काचेच्या आत आलेले असते.

कामाचा क्रम विचारला होता तो असा धरावा: आधी पाणी थांबवा, मग काँक्रीट, मग वायरिंग व नळ, मग खिडक्या, आणि रंग-पॉलिश अगदी शेवटी. वायरिंगसाठी उघड्या काँक्रीटमध्ये खाचा मारू देऊ नका. स्लॅबमध्ये गाडलेल्या जुन्या नळ्या मोकळ्या असतील तर त्यांतून नवी तार ओढता येते, नसेल तर कपाटांच्या माथ्यावरून व मागून न्यावी. जस्ताचा मुलामा दिलेले जुने पाण्याचे पाइप बाहेरून ठणठणीत दिसले तरी आतून गंजाने भरलेले असतात, ते एकदाच बदलून टाका.

अंगणाकडे:

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आम्ही खरोखरच घर मोजत होतो. माप 90 सेंटिमीटर निघाले. मोझेकमधील पितळी पट्टी खोलीतून निघून काचेखालून अंगणाच्या फरशीत जाते आणि तिकडच्या खांबाच्या बरोबर मध्यावर थांबते, हे मी लहानपणापासून त्या पट्टीवरून तोल सावरत चालत आलो असूनही मला ठाऊक नव्हते. नव्या भिंतीची जागा त्यामुळे आपोआप ठरली. ज्या पट्टीवर ती येते तेथून दोन्ही खोल्यांना दोन-दोन काचा मिळतात. कंत्राटदाराने सुचवलेली जागा एका काचेच्या मधोमध येत होती.

हातोडीने वाजवल्यावर एकूण अकरा खुणा पडल्या आणि त्यांतील आठ गळतीच्या खालीच आहेत. भाऊ आता तुळया उघड्या ठेवायला तयार आहे, पण छताबद्दल त्याचा एक प्रश्न आहे आणि तो मलाही रास्त वाटतो: उष्णतारोधक थर स्लॅबवर दहा सेंटिमीटरचा घेतला तर कड तेवढीच जाड होणार, मग पत्र्यापेक्षा वेगळे काय केले?

सळई:

थर कडेपर्यंत नेऊ नका. भिंतीच्या पुढे आलेल्या पाऊण मीटर भागाखाली खोली नाही, त्यामुळे तेथे त्याची गरजही नाही. तो भिंतीच्या रेषेवर थांबवा, तेथून जलरोधक थर पायरीसारखा खाली उतरवा आणि कड आहे तशीच पातळ ठेवा. बाहेर आलेला स्लॅब आतल्या स्लॅबशी सलग असल्याने भिंतीलगत छताचा पट्टा थंडीत गार राहील. तेथे दव धरते का हे पहिल्या हिवाळ्यात पाहावे लागेल. पायरी खालून दिसेल का याचा हिशोब सोपा आहे, पण हिशोबापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेले बरे. एकाने गच्चीवर दहा सेंटिमीटर उंचीची फळी उभी धरून कडेपासून मागे मागे सरकावे आणि दुसऱ्याने अंगणाच्या टोकाला उभे राहावे.

अंगणाकडे:

आज सकाळी करून पाहिले. अंगण नऊ मीटर खोल आहे. भाऊ गच्चीवर होता आणि मी टोकाच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. कडेपासून 65 सेंटिमीटरवर फळी दिसेनाशी झाली, म्हणजे भिंतीच्या रेषेच्याही दहा सेंटिमीटर अलीकडे. नंतर भावाने मला वर पाठवले आणि स्वतः खाली उभे राहून तेच पुन्हा पाहिले. पत्र्याच्या छपराचे कोटेशन त्याने दुपारी स्वतःच नाकारले.